धडकेत सापडलेली १९७२ ची एमजीबी जीटी: विकताना रास्त किंमत कशी ठरवावी?

सह्यकडा

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो आणि बरीच वर्षे माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. रंग टील ब्लू, क्रोमचे बंपर, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जोडयंत्रणा) असलेला गिअरबॉक्स आणि तारांची चाके. रस्त्याच्या कडेला उभी असताना रिव्हर्स घेणाऱ्या एका मालवाहू व्हॅनने तिच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला जोरात धडक दिली. डावा पुढचा पंख (चाकावरचा बाहेरचा पत्रा), हेडलाइटची वाटी, बॉनेटचा कोपरा आणि बंपर निकामी झाले. रेडिएटर मागे ढकलला गेला. आतल्या पंखाच्या पत्र्याला स्पष्ट घड्या पडल्या आहेत. डाव्या दाराची फट वरच्या बाजूला पूर्वीपेक्षा अरुंद दिसते, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे.

दावा मी माझ्याच विमा कंपनीमार्फत केला. कंपनीच्या तज्ज्ञाने गाडी ‘श्रेणी एस’ म्हणजे सांगाड्याला इजा झालेली ठरवली असून दुरुस्ती परवडणार नाही, असे कळवले आहे. धडकेपूर्वीचे मूल्य त्यांनी ५,८०० पौंड धरले आहे. माझी पॉलिसी आधी मान्य केलेल्या मूल्याची नाही, बाजारभावाची आहे. गाडी मला स्वतःकडे ठेवायची असल्यास भरपाईतून ९०० पौंड वजा होतील.

दुरुस्ती करून ती पुन्हा चालवण्याइतका वेळ आणि जागा आता माझ्याकडे नाही, त्यामुळे गाडी विकायची हे ठरले आहे. मात्र ती ९०० पौंडांत भंगाराच्या आवारात जावी हे पटत नाही, आणि घेणाऱ्याला फसवून जास्त पैसे काढावेत अशीही इच्छा नाही. अशा गाडीची रास्त किंमत नेमकी कशावरून ठरते? थोडी डागडुजी करून विकावी की आहे तशी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ताम्रपट

मी काही वर्षे येथील मोटार विम्याच्या दाव्यांचे काम केले आहे, म्हणून आधी त्या बाजूचे लिहितो. विक्रीचा विचार करण्याआधी ५,८०० हा आकडा तपासून घ्या. बाजारभावाची पॉलिसी म्हणजे कंपनी म्हणेल तो भाव असे नसते. धडकेच्या आदल्या दिवशी तशीच गाडी, त्याच स्थितीतली, घ्यायला किती लागले असते, हा प्रश्न असतो. सर्वसाधारण गाड्यांसाठी वापरले जाणारे दरतक्ते पन्नास वर्षे जुन्या गाडीला नीट लागू पडत नाहीत. क्रोम बंपरच्या, ओव्हरड्राइव्ह असलेल्या, तुमच्या गाडीइतक्या सुस्थितीतल्या जीटींच्या विक्रीच्या जाहिराती आणि लिलावांचे निकाल जमवा. एमजी ओनर्स क्लबसारख्या संस्थांकडून मूल्यांकन मिळते. गाडीचे धडकेपूर्वीचे फोटो आणि केलेल्या कामांची बिले त्यासोबत जोडा.

तरीही कंपनी ऐकत नसेल, तर लेखी तक्रार करा. त्यांचे अंतिम उत्तर आल्यावर, किंवा आठ आठवड्यांत उत्तरच आले नाही तर, फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे विमा व बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे, विनाशुल्क जाता येते. अंतिम उत्तरानंतर त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. दावा तुम्ही स्वतःच्या कंपनीमार्फत केला हे बरे झाले, कारण समोरच्याच्या विमा कंपनीविरुद्ध हा मार्ग उपलब्ध नसतो.

श्रेणींविषयी थोडेसे. ऑक्टोबर २०१७ पासून ए, बी, एस आणि एन अशा चार श्रेणी आहेत. ए म्हणजे संपूर्ण गाडी चिरडायची. बी म्हणजे सुटे भाग काढता येतात, पण सांगाडा रस्त्यावर परत येत नाही. एस आणि एन या दोन्ही श्रेणींतील गाड्या दुरुस्त करून चालवता येतात. श्रेणी एसची गाडी ठेवून घेतल्यास मूळ लॉगबुक (गाडीचे नोंदणीपत्र) विमा कंपनीकडे पाठवावे लागते आणि व्ही६२ हा अर्ज भरून नवे मागवावे लागते. नव्या लॉगबुकात श्रेणीची नोंद येते, त्यामुळे ती लपवण्याचा प्रश्नच उरत नाही.

एक व्यावहारिक सूचना: निर्णय होईपर्यंत गाडी घरीच ठेवा. आवारात नेलेल्या गाड्या फोर्कलिफ्टने उचलल्या जातात, आणि एमजीबीच्या सिलखाली (दाराखालच्या भार पेलणाऱ्या पोकळ पत्र्याखाली) फोर्कलिफ्टचे दात गेले की व्हॅनने केले नाही ते नुकसान तिथे होते.

पत्राकाम_उद्यमनगर

आमचे कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज आहे आणि डेंटिंगचे काम दोन पिढ्यांचे आहे. या मॉडेलवर फार हात चालवलेला नाही, पण चेसिस वेगळी नसलेली, म्हणजे पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो अशी गाडी, कुठलीही असली तरी तपासायची रीत तीच असते.

दाराची फट वरून अरुंद झाली आहे, याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक म्हणजे धडकेने दाराच्या पुढचा खांब मागे सरकला. दुसरा म्हणजे सिल आतून गंजून आधीच कमकुवत झाली होती आणि धक्क्याने गाडी मध्यावर किंचित खचली. पहिल्या प्रकारात सांगाडा ओढून सरळ करता येतो. दुसऱ्या प्रकारात धडक हे निमित्त ठरते आणि खरा खर्च सिलचा असतो. घेणारा अनुभवी असेल, तर तो सर्वांत आधी हाच प्रश्न विचारेल, म्हणून त्याचे उत्तर तुमच्याकडे तयार हवे.

गाडी सपाट फरशीवर चारही बाजूंनी समान उंचीवर स्टँडवर ठेवा. खालून सांगाड्यावरचे ठरावीक बिंदू निवडा: पुढच्या क्रॉसमेंबरचे (पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) बोल्ट, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगची पुढची टोके आणि जॅक लावायच्या जागा. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करा. मग गाडी बाजूला घेऊन खुणांमधले कर्ण मोजा. डावा-उजवा कर्ण सारखा भरला, तर बिघाड क्रॉसमेंबरच्या पुढेच थांबला आहे, असे समजायला हरकत नाही. फरक मोठा असेल तर तोही लिहून ठेवा, कारण मोजलेला दोष घेणाऱ्याला हिशेबात धरता येतो, तर न मोजलेल्या दोषापोटी तो मनाला येईल तेवढी रक्कम कापतो.

सिलसाठी एक जुनी परीक्षा आहे. उजव्या, म्हणजे धडक न बसलेल्या बाजूला जॅक लावून हळूहळू उचला आणि त्या दाराची फट पाहा. फट बदलत असेल तर आत गंज आहे. या गाडीचे स्टीअरिंगचे रॅक क्रॉसमेंबरवरच बसवलेले असते, तेव्हा कोणी बोलता बोलता ‘चालवून बघू’ म्हणाले, तरी मापे घेतल्याशिवाय गाडी चालवू नका.

निळावंती

मध्येच लिहिते, राग मानू नये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये माँटेरे येथे आरएम सदबीजच्या लिलावात १९५४ च्या एका फेरारी ५०० मोंदियालचा जळालेला, चेपलेला सांगाडा १८ लाख ७५ हजार डॉलरला गेला होता. त्यात गाडी म्हणण्यासारखे काहीच शिल्लक नव्हते. नुकसान झालेल्या जुन्या स्पोर्ट्स कारला इतकी किंमत येऊ शकते, तर आपण ९०० पौंडांच्या भाषेत का बोलत आहोत?

चक्रधर

निळावंती, प्रश्न चांगला आहे आणि त्यातच सह्यकडा यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. त्या लिलावात पत्र्याला भाव आला नव्हता, चेसिस क्रमांकाला आला होता. तशा गाड्या अगदी मोजक्या बनल्या. जळालेल्या सांगाड्यावर कोणी लाखो डॉलर खर्च करून गाडी उभी केली, तरी तयार गाडीची किंमत त्याहून वर राहू शकते. एमजीबीचे गणित नेमके उलटे आहे. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त बाहेर पडल्या. सुटे भाग जवळपास सगळे नवे मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून मूळ साच्यांवर संपूर्ण नवे सांगाडेसुद्धा बनवते, पण असा सांगाडा विकत घेऊन रंगवून घ्यायचा तर चांगल्या चालू गाडीपेक्षा जास्त पैसे जातात. भाग मुबलक आणि तयार गाडी स्वस्त असल्यामुळे दुरुस्तीचा खर्च तयार गाडीच्या किमतीला फार लवकर गाठतो.

मी स्वतः बर्मिंगहॅमजवळ अशीच एक जीटी वापरतो आणि गेल्या काही वर्षांत मित्रांसाठी अशा गाड्या पाहायला गेलो आहे. माझा हिशेब असा. समजा, तुमच्यासारखी सरळ जीटी आज ७,५०० पौंडांना मिळते. दुरुस्तीनंतर लॉगबुकात एसची नोंद असलेली तीच गाडी मी सहा हजारांच्या आसपास धरीन. जुन्या गाड्यांत या नोंदीचा फटका नव्या गाड्यांइतका बसत नाही, कारण इथे लोक गाडी वाकून, खालून, टोचून पाहतात. पण फटका बसत नाही असे मात्र नाही. आता चांगल्या बॉडीशॉपकडून पंख, आतला पंख, बॉनेट, रेडिएटर, ओढकाम आणि रंग यांचे अंदाजपत्रक मागवले, तर ते साडेचार-पाच हजारांखाली येईल असे वाटत नाही. म्हणजे बॉडीशॉपला पैसे देऊन दुरुस्ती करणाऱ्या ग्राहकासाठी तुमच्या गाडीची किंमत जेमतेम हजार पौंड उरते, आणि त्यातून तो अनपेक्षित खर्चापोटी आणखी काही कापेल. विमा कंपनीने काढलेले ९०० याच हिशेबातून आलेले असावेत, त्यामुळे तो आकडा अगदीच निराधार नाही.

पण ज्याच्याकडे स्वतःचे गॅरेज, वेल्डिंगचे यंत्र आणि मोकळे शनिवार-रविवार आहेत, त्याच्यासाठी मजुरी शून्य आहे. पुढचे पंख या गाडीला बोल्टने बसवलेले असतात, ते तो स्वतः बदलेल. आतल्या पंखाचा पत्रा आणून कापून जोडेल. त्याचा रोख खर्च भाग, रंगाचे सामान आणि एकदा सांगाडा ओढून घेणे मिळून दोन-अडीच हजारांत बसेल. सहा हजारांतून तेवढे वजा करून, वर त्याच्या श्रमांचे आणि धोक्याचे हजार-दीड हजार धरले, तरी तो अडीच हजारांपर्यंत जाऊ शकतो आणि त्यात त्याची फसवणूक होत नाही. एकाच गाडीची रास्त किंमत एका ग्राहकाला ९०० आणि दुसऱ्याला २,५०० असते. तुम्ही किंमत शोधण्याऐवजी ग्राहक शोधा, आणि तो व्यापाऱ्यांकडे कमी, क्लबांच्या विक्रीच्या पानांवर जास्त सापडतो.

सांगलीकर

मला यातला एक पर्याय सुटलेला वाटतो. इंजिन, ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स, तारांची चाके, दारे, मागचे काचेचे दार, आसने, गेज असे सगळे सुटे करून विकले तर अडीच हजारांहून नक्कीच जास्त मिळतील. उरलेला पत्रा भंगारात जाईल.

चक्रधर

एकूण बेरीज जास्त येईल, हे खरे आहे. पण त्यासाठी गाडी खोलायला, प्रत्येक भाग साफ करून त्याचे फोटो काढायला, अनोळखी माणसांशी घासाघीस करायला आणि पार्सले बांधायला काही महिने जातात. ओव्हरड्राइव्ह आणि चाके पहिल्या आठवड्यात जातात, मग उरलेला सांगाडा अंगणात पडून राहतो आणि तो कोणी फुकटही नेत नाही. सह्यकडा यांनी वेळ आणि जागा नाही हेच विकण्याचे कारण दिले आहे. शिवाय सांगाडा मापात भरला, तर वाचू शकणारी क्रोम बंपरची जीटी आपण होऊन मोडणे मला तरी रुचत नाही. हे मत आहे, हिशेब नव्हे. कर्ण फारच चुकले आणि सिलही गेलेल्या निघाल्या, तर मात्र सांगलीकरांचा पर्याय योग्य ठरेल.

सह्यकडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. क्रॉसमेंबरच्या बोल्टपासून मागच्या स्प्रिंगच्या टोकापर्यंतच्या दोन कर्णांत ४ मिलिमीटरचा फरक आहे. क्रॉसमेंबरच्या पुढे मात्र डावी बाजू १९ मिलिमीटर मागे आली आहे. उजव्या बाजूला जॅक लावल्यावर दाराची फट बदलली नाही. डाव्या सिलचे काम पूर्वी झाले होते आणि त्याचे बिल व फोटो माझ्याकडे आहेत.

विमा कंपनीला क्लबचे मूल्यांकन आणि विक्रीची उदाहरणे पाठवल्यावर त्यांनी धडकेपूर्वीचे मूल्य ७,२०० पौंड मान्य केले. गाडी ठेवून घेण्याची वजावट तेवढीच राहिली, म्हणून मी गाडी ठेवून घेतली. दरम्यान एका व्यापाऱ्याने फोटो पाहून ८०० पौंड देऊ केले. त्याचे म्हणणे असे की, पंख ठोकून सरळ केला आणि प्रायमर मारून फोटो काढले, तर किंमत सहज दुप्पट होईल. शेजारचा एक मेकॅनिक ते काम ३०० पौंडांत करायला तयार आहे. करावे का? आणि जाहिरातीत किती रक्कम लिहावी?

पत्राकाम_उद्यमनगर

अजिबात करू नका. घड्या पडलेला पत्रा उघडा दिसतो तोवर घेणाऱ्याला घडी कुठून सुरू झाली आणि कुठे थांबली ते कळते. त्यावर पुट्टी भरून प्रायमर मारला की जाणकार माणूस पुढच्या कोपऱ्यापुरता संशय घेऊन थांबत नाही, सगळ्या गाडीवर घेतो. तुमचे ३०० पौंड जातील आणि त्याला ते काम पुन्हा खरवडून काढावे लागेल.

त्यापेक्षा ओढलेल्या रेषा आणि आकड्यांसह फरशीचा फोटो जाहिरातीत द्या. ४ मिलिमीटरचा फरक या काळातल्या गाडीत कारखान्यातूनही असू शकतो. १९ मिलिमीटरचे ओढकाम नीट बेंचवर, म्हणजे सांगाडा पकडून सरळ करायच्या चौकटीवर, होण्यासारखे आहे. हे दोन आकडे तुमच्या जाहिरातीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहेत. शिवाय घड्या पडलेल्या जागी उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून मेणाचा किंवा तेलाचा पातळ हात फिरवा, तोही रंगहीन.

चक्रधर

इंजिनचा पुरावाही द्या. रेडिएटर फुटलेला असल्यामुळे इंजिन फार वेळ चालवता येणार नाही, पण कॉम्प्रेशनची (सिलिंडरमधल्या दाबाची) चाचणी नुसत्या स्टार्टरवर होते. चारही सिलिंडरचे आकडे गेजसह फोटोत घ्या. ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढेच असतो, तोही फुटलेला नाही ना, हे आधी पाहा. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मागवता येते. त्यावर गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता आणि इंजिन क्रमांक कोणता, हे असते. इंजिन क्रमांक जुळला तर तसे स्पष्ट लिहा, जुळला नाही तरीही लिहा.

रकमेविषयी: मी २,६०० पौंड लिहीन आणि २,२०० च्या खाली जाणार नाही. लिलावाचाही विचार कराल, पण या किमतीच्या गाडीत विक्रेत्याचे कमिशन, नोंदणी शुल्क आणि तिथवर नेण्याचे भाडे यांतच बराच भाग संपतो. राखीव किमतीविना लिलावात ठेवणे म्हणजे त्या दिवशी तो वेल्डिंगवाला ग्राहक खोलीत हजर असेल, यावर सगळे सोपवणे होय.

ताम्रपट

कागदांबाबत काही मुद्दे राहिले आहेत. खासगी विक्रीत दोष शोधण्याची जबाबदारी बहुतांशी घेणाऱ्यावर असते, पण तुम्ही केलेले विधान खोटे निघाले तर १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन ॲक्टखाली तो तुमच्यावर दावा करू शकतो. म्हणून ‘सिल उत्तम आहेत’ असे न लिहिता ‘डाव्या सिलचे काम झाले, बिल सोबत आहे, उजवीकडे जॅक लावल्यावर फट बदलली नाही’ असे लिहा. पहिले मत आहे आणि वादात अडकवते, दुसरी तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट आहे.

दुसरे म्हणजे, १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या ७५ व्या कलमानुसार रस्त्यावर चालवण्यास अयोग्य गाडी विकणे हा गुन्हा ठरू शकतो. दुरुस्त होईपर्यंत ती रस्त्यावर वापरली जाणार नाही, असे मानायला विक्रेत्याकडे सबळ कारण असेल, तर बचाव मिळतो. तेव्हा पावतीवर ‘गाडी सध्या रस्त्यावर चालवण्यास अयोग्य असून दुरुस्तीसाठी ट्रेलरवरून नेली जात आहे, श्रेणी एसची माहिती घेणाऱ्यास दिली आहे’ असे लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि ती ट्रेलरवरूनच जाऊ द्या. चाळीस वर्षांवरील गाड्यांना एमओटी या वार्षिक सुरक्षा चाचणीतून सूट असते म्हणून काही जण लगेच चालवत नेण्याची भाषा करतात. ती सूट चाचणीपुरती आहे, गाडीच्या योग्यतेपुरती नाही.

लॉगबुक नव्याने हातात येण्याआधी व्यवहार करू नका. त्यावर ज्याच्या नावे नोंद असते तो कायद्याने मालक असतोच असे नाही, म्हणून तुमच्या खरेदीची जुनी पावती आणि विमा कंपनीचे गाडी तुमच्याकडे ठेवल्याचे पत्रही दाखवायला जवळ ठेवा.

निळावंती

एक शंका. दुरुस्तीनंतर नव्या मालकाला सरकारी तपासणी करून घ्यावी लागेल का? तसे असेल तर तोही खर्च घेणारा किमतीतून वजा करेल.

ताम्रपट

नाही. पूर्वी अशा गाड्यांची ओळख तपासण्याची एक सरकारी पद्धत होती, ती ऑक्टोबर २०१५ मध्ये बंद झाली. बंधन नसले तरी दुरुस्तीनंतर स्वेच्छेने एमओटी करून घेणे शहाणपणाचे आहे, कारण पुढच्या विक्रीत आणि नव्या विम्यासाठी तोच कागद उपयोगी पडतो.

सह्यकडा

नवे लॉगबुक आल्यावर क्लबच्या पानावर २,६०० पौंडांची जाहिरात दिली. दोघे जण पाहून गेले. पहिल्याने फोटोंतला हिशेब न वाचताच १,५०० सांगितले. दुसरे गृहस्थ स्विंडनजवळचे निवृत्त फिटर आहेत. त्यांनी स्वतःची टेप आणून माझे कर्ण पुन्हा मोजले, सिलचे बिल दोनदा वाचले आणि २,३५० ला तयार झाले. डाव्या बाजूचा पंख त्यांच्याकडे आधीच पडून आहे, असे त्यांनी पैसे दिल्यानंतर सांगितले. ताम्रपट यांनी दिलेला मजकूर पावतीवर जसाच्या तसा घातला आहे. शनिवारी ते ट्रेलर घेऊन येणार आहेत. पुढचे डावे चाक फिरते पण घासते, तेव्हा विंचने वर ओढताना दोर नेमका कशाला बांधावा, हे कोणी सांगू शकेल का?

पत्राकाम_उद्यमनगर

पुढून ओढू नका. चेपलेल्या भागावर ताण येईल आणि तुम्ही दिलेले माप बदलेल. गाडी मागच्या बाजूने ट्रेलरवर चढवा. मागच्या एक्सलच्या नळीला, ब्रेकची नळी वाचवून, दोन्हीकडे सारखे पट्टे बांधा आणि घासणाऱ्या चाकाखाली चाके असलेली फळी सरकवा.